जाणत्या वस्तू आणि विद्यार्थिदशेंतील संशोधन

"अजून पदवीची परीक्षाहि उतरला नाहीं, तो मुलगा परदेशीं जाऊन संशोधन तें काय करणार?" असा प्रश्न पालकवर्गाकडून आम्हांस वारंवार ऐकूं येतो. प्रश्न रास्त आहे. संशोधन म्हटलें कीं, पांढऱ्या केसांचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला आणि जगाचें भान विसरलेला कोणी विद्वान् डोळ्यांपुढें उभा राहतो. अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींशीं त्या शब्दाची सांगड घालणें पुष्कळांस चमत्कारिक वाटतें. परंतु अभियांत्रिकींत कांहीं क्षेत्रें अशीं आहेत कीं, तेथें प्रश्न लहान असतो, साहित्य स्वस्त असतें, आणि उत्तर मात्र खरोखरीच कोणास ठाऊक नसतें. अशा ठिकाणीं वयाची आडकाठी येत नाहीं. त्यांपैकीं एका क्षेत्राची ओळख आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या क्षेत्रास इंग्रजींत 'स्मार्ट कनेक्टेड टेक्नॉलॉजी' असें म्हणतात. 'स्मार्ट' म्हणजे चलाख. पण लोखंडाला व कांचेला चलाखी कोठून असणार? यास्तव आम्ही ह्या लेखापुरता 'जाणत्या व जोडलेल्या वस्तू' असा शब्दप्रयोग करतों. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. तींत एक तरंगता गोळा असतो. पाणी चढलें कीं गोळा वर येतो आणि तोटी बंद होते. हा गोळा जाणता आहे, कारण पाणी किती चढलें हें त्यास कळतें. पण तो जोडलेला नाहीं, कारण त्याचें ज्ञान त्याच्याच पोटांत राहतें. उलटपक्षीं, भिंतीवरचा जुना टेलिफोन जोडलेला खरा, पण जाणता नव्हे. आपण बोलूं तेवढेंच तो पोहोंचवितो. आतां त्या गोळ्याला टेलिफोनची जीभ लाविली, आणि मध्यें थोडा विचार करणारा एखादा लहानसा संगणक बसविला, म्हणजे आपली वस्तु सिद्ध झाली. जाणणारें इंद्रिय तो संवेदक, विचार करणारा तो सूक्ष्म संगणक, आणि बोलणारा तो रेडिओ किंवा तार. एवढ्या तीन अवयवांवर ही सारी विद्या उभी आहे. १९९९ सालीं केव्हिन ॲश्टन ह्या इंग्रज गृहस्थानें अशा वस्तूंच्या जाळ्यास 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' असें नांव दिलें व तें रूढ झालें. वस्तु मात्र नांवाच्या आधीं सतरा वर्षें जन्मास आली होती, आणि तीहि विद्यार्थ्यांच्या तहानेंतून.

अमेरिकेंतील पिट्स्बर्ग शहरीं कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तेथील संगणकशास्त्राच्या विभागांत, वीन हॉल नांवाच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, कोका-कोलाच्या बाटल्या विकणारें एक यंत्र होतें. पैसे टाकावे, बाटली घ्यावी. विभाग वाढला, तशा कांहीं जणांच्या खोल्या यंत्रापासून दूर गेल्या. आणि एवढी पायपीट करून यावें, तों यंत्र रिकामें, किंवा बाटल्या नुकत्याच भरलेल्या व कोमट! १९८२ सालीं डेव्हिड निकोल्स नांवाच्या विद्यार्थ्याच्या मनांत आलें कीं, आपल्या खोलींतूनच यंत्राची खबर मिळाली तर काय बहार होईल. माइक कझारप्रभृति तीन सोबती त्यास मिळाले.

त्यांनीं काय केलें तें नीट पाहण्यासारखें आहे. यंत्रांत बाटल्यांचे सहा रकाने होते व प्रत्येक रकान्यास एक तांबडा दिवा होता. बाटली विकली गेली कीं तो दिवा कांहीं सेकंद लागून विझे. रकाना रिकामा झाला, तर पुन्हां भरला जाईपर्यंत तो लागलेलाच राही. ह्या मंडळींनीं बाटल्यांना हात लाविला नाहीं, आंत उष्णतामापक बसविला नाहीं. केवळ दिव्यांवर पाळत ठेविली, आणि तेथून एक तार विभागाच्या मुख्य संगणकाच्या दारापर्यंत नेली. संगणक दर सेकंदास कित्येक वेळां दिव्यांकडे पाही. दिवा पांच सेकंदांहून कमी काळ लागला, तर एक बाटली खपली असें तो समजे. त्याहून अधिक काळ लागून राहिला, तर रकाना रिकामा झाला असें धरी. पुढें तो दिवा विझला, म्हणजे नव्या बाटल्या भरल्या गेल्या, अर्थात् त्या अजून कोमट आहेत. त्या क्षणापासून तीन तास लोटले कीं, संगणक त्या रकान्यापुढें 'थंड' असा शेरा लिही. विद्यार्थ्यानें आपल्या जागीं बसून एक आज्ञा लिहावी, आणि कोणत्या रकान्यांत थंड बाटली आहे हें वाचून मगच उठावें. तो संगणक आर्पानेट ह्या, इंटरनेटचें पूर्वज असलेल्या जाळ्यावर होता. त्या काळीं त्या जाळ्यावर तीनशेंहूनहि कमी संगणक होते. त्यांपैकीं कोणत्याहि संगणकावरून पिट्स्बर्गच्या बाटल्यांची विचारपूस करितां येई. शेंकडों मैलांवरच्या मनुष्यास त्या माहितीचा उपयोग काय, हें मात्र विचारूं नये.

गंमत बाजूस ठेवून ह्या युक्तीकडे पाहिलें, तर तींत एक अनुमान दडलेलें दिसतें. बाटलीचें उष्णतामान एकदांहि न मोजतां ती थंड आहे असें तो संगणक सांगत होता. त्याला ठाऊक होता केवळ एक दिवा आणि एक घड्याळ. बाकीचें सारें त्या 'तीन तास' ह्या आंकड्यावर अवलंबून होतें. तो आंकडा बरोबर होता कशावरून? ऐन उन्हाळ्यांत भरलेली बाटली आणि हिंवाळ्यांत भरलेली बाटली सारख्याच वेळांत थंड होतील काय? एक बाटली भरली आणि वीस बाटल्या भरल्या, तर फरक पडेल कीं नाहीं? ज्या विद्यार्थ्यास हे प्रश्न सुचतील, आणि जो बाटलींत उष्णतामापक ठेवून दर पंधरा मिनिटांनीं वहींत आंकडा टिपून घेईल, त्यानें संशोधनास हात घातला असें आम्ही समजतों. त्यास पदवी असो वा नसो.

पिट्स्बर्गची ती चौकडी पदवीच्या वर्गाबाहेर पडलेली होती, हें येथें सांगितलें पाहिजे. पदवीपूर्व विद्यार्थ्यांस संशोधनांत घेण्याची पद्धत निराळ्या ठिकाणीं रुजली. १९५७ सालीं, झटपट छायाचित्र देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एड्विन लँड ह्यांनीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत एक व्याख्यान दिलें. विद्यार्थी दारांतून आंत आला कीं त्यास स्वतःचा असा एखादा संशोधनाचा विषय व एखादा मार्गदर्शक मिळाला पाहिजे, नुसतीं व्याख्यानें ऐकवून आपण त्याचीं उमेदीचीं वर्षें वायां घालवितों, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. व्याख्यानें विसरलीं जातात. हें मात्र बारा वर्षांनीं फळास आलें. मार्गारेट मॅकव्हिकर ह्या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापिकेनें, जी त्याच संस्थेची माजी विद्यार्थिनी होती, १९६९ सालीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांस प्राध्यापकांच्या प्रयोगशाळांत सामील करून घेणारी योजना तेथें सुरू केली. ह्या कामाबद्दल विद्यार्थ्यास वेतन मिळे, अथवा अभ्यासक्रमांतील गुण मिळत. १९८७ पासून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननें अशाच धर्तीवर, उन्हाळ्याच्या सुट्टींत विद्यार्थ्यांचा एक लहानसा गट एखाद्या विद्यापीठांत आणून त्यांस एकेक प्रश्न सोंपविण्याची पद्धत देशभर पसरविली. दहा आठवडे आणि दहाएक विद्यार्थी, असें तिचें साधारण मान असतें.

तिचा पैसा अमेरिकन नागरिकांसाठीं व तेथील कायम रहिवाशांसाठीं राखलेला असल्यामुळें आपल्या मुलांस त्या वाटेनें जातां येत नाहीं. परंतु दुसऱ्या वाटा निघाल्या. जर्मनीच्या डी. ए. ए. डी. ह्या शिक्षणविनिमय संस्थेनें २००५ सालीं उत्तर अमेरिकेंतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांस जर्मन प्रयोगशाळांत बोलाविण्यास आरंभ केला. तींतील एक गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटते: पाहुण्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक बहुधा डॉक्टरेटचा अभ्यास करणारा, वयानें चार-सहा वर्षांनीं मोठा असा विद्यार्थीच असतो. मोठ्या प्राध्यापकांपुढें जीभ चाचरते. थोरल्या भावासारख्याला काय वाटेल तें विचारितां येतें. कॅनडांत मायटॅक्स ह्या संस्थेनें २००९ सालीं 'ग्लोबलिंक' नांवाची बारा आठवड्यांची योजना काढिली. तिचे अगदीं पहिले विद्यार्थी भारतांतील आय. आय. टी. संस्थांचे होते, इतर देशांचीं मुलें मागाहून आलीं.

पालकांसाठीं येथें दोन शब्द. वर ज्या योजनांचीं नांवें दिलीं, त्या विद्यार्थ्यास निर्वाहापुरती रक्कम देतात. संशोधन करूं दिल्याबद्दल त्याजकडून भली मोठी फी उकळीत नाहींत. "परदेशांतील संशोधनाचा दाखला मिळवून देतों, इतके लक्ष भरा," असें म्हणणारा कोणी भेटला, तर तो विद्येचा व्यवहार नसून दाखल्यांचा व्यापार असण्याचा संभव पुष्कळ. कर्ज काढण्यापूर्वीं निदान एवढें विचारावें: काम कोणतें, मार्गदर्शक कोण, आणि शेवटीं मुलाच्या हातीं काय राहील?

असो. पूर्वीं जें काम मोठ्या प्रयोगशाळेवांचून अशक्य होतें, तें विद्यार्थ्यांच्या आटोक्यांत आलें, ह्याचें दुसरें कारण अगदीं रोकडें आहे. साहित्य स्वस्त झालें. इटलींतील इव्ह्रेआ ह्या गांवीं २००५ सालीं, कलेच्या व रचनेच्या विद्यार्थ्यांस सहज वापरतां यावी अशी 'आर्दुइनो' नांवाची संगणकपट्टी निघाली. तिचें नांव म्हणे तेथील एका पानगृहावरून पडलें. २०१२ सालीं केंब्रिजमधून 'रास्पबेरी पाय' हा ३५ डॉलरचा पूर्ण संगणक बाहेर आला. संगणकशास्त्र शिकूं इच्छिणारे होतकरू विद्यार्थी कमी होत चालले, त्यांच्या हातांत मोडतोड करितां येईल असें कांहीं तरी असावें, अशी त्याच्या कर्त्यांची कळकळ होती. पुढें २०१४ च्या सुमारास शांघायच्या एका कंपनीनें वायफाय बोलणारी एक चकती इतकी स्वस्त केली कीं, वस्तूला जीभ लावणें हा वस्तूच्या किंमतींतील सर्वांत क्षुल्लक भाग झाला.

मग संशोधन तें कशाचें उरलें? हें सांगण्यास आम्हांस एका निर्जन बेटावर जावें लागेल.

अमेरिकेच्या ईशान्य टोंकास, मेन संस्थानच्या किनाऱ्यासमोर, ग्रेट डक नांवाचें एक लहानसें बेट आहे. लीचचे वादळपक्षी म्हणून ओळखले जाणारे समुद्रपक्षी तेथें जमिनींत बिळें करून अंडीं घालतात. पक्षी बिळांत केव्हां असतो, केव्हां बाहेर जातो, आंत ऊब किती, ओलावा किती, हें प्राणिशास्त्रज्ञांस हवें होतें. पण अडचण अशी कीं, अंडीं उबविण्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत उपद्रव झाला, तर हे पक्षी बीळच सोडून जाण्याचा संभव असतो. पाहावयास जावें, तर जें पाहावयाचें तेंच नाहींसें होतें! तेव्हां मनुष्यानें न जातां पाहिलें पाहिजे. २००२ च्या उन्हाळ्यांत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, इंटेल कंपनीची तेथील प्रयोगशाळा आणि मेनमधील कॉलेज ऑफ दि अटलांटिक ह्यांच्या मंडळींनीं त्या बेटावर ३२ जाणत्या वस्तू पेरल्या. दोन पेन्सिल सेल शेजारीं शेजारीं ठेविले असतां जेवढी जागा व्यापतील, तेवढीच प्रत्येकीची बैठक. पक्ष्याच्या अंगची ऊब दुरूनच ओळखणारा एक संवेदक, उष्णतामान व ओलावा ह्यांचे संवेदक, एक सूक्ष्म संगणक, आणि एक रेडिओ. बेटावरील मुख्य केंद्राकडे त्या आपली वार्ता पाठवीत, व तेथून ती उपग्रहाच्या मार्गें कॅलिफोर्नियांत पोहोंचे.

आतां ह्यांतली मेख पाहा. ही वस्तु बिळांत ठेवून आलें कीं सेल बदलण्यासाठीं पुन्हां तेथें जाण्याची सोय नाहीं. नाहीं तर सारा खटाटोप व्यर्थ. सेलांची एक जोडी नऊ महिने पुरली पाहिजे, असा त्यांचा संकल्प होता. एका जोडींत विद्युत् किती? हात राखून त्यांनीं ती २२०० मिलिअँपिअर-तास धरिली. नऊ महिने म्हणजे २७० दिवस. विद्यार्थिमित्रहो, वहीं-पेन्सिल घ्या आणि भागाकार करा: दिवसाला आठ मिलिअँपिअर-तासांहून किंचित् अधिक, एवढाच खर्च परवडतो. गरीब घरच्या शहाण्या गृहिणीसारखा हा हिशेब आहे. महिन्याचें धान्य ठरलेलें, आणि रोजचें माप त्यांतूनच काढावयाचें.

खर्चाच्या बाबी कोणत्या? आपणांस सहज वाटेल कीं बोलणें, म्हणजे रेडिओवरून वार्ता पाठविणें, हीच सर्वांत खर्चाची बाब असली पाहिजे. त्यांच्या त्या वेळच्या रेडिओला एक छोटी वार्ता पाठविण्यास एका मिलिअँपिअर-तासाचा सुमारें पन्नासहजारावा हिस्सा लागे. दर ७० सेकंदांनीं एक नोंद, ह्या मानानें दिवसाच्या सुमारें १२३४ वार्ता होतात. गुणाकार केला, तर सगळ्या दिवसाच्या बोलण्याचा खर्च एका मिलिअँपिअर-तासाच्या चाळिसाव्या भागाइतका भरतो. म्हणजे जवळजवळ फुकट! आतां उलट बाजू पाहा. 'कोणी आपल्याशीं बोलतें आहे काय?' म्हणून रेडिओ नुसता कान देऊन बसला, तर त्यास सुमारें साडेचार मिलिअँपिअर प्रवाह सतत लागे. म्हणजे तासाला साडेचार. पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ कान दिला कीं दिवसाची सारी शिदोरी संपली. अहोरात्र कान देऊन बसणारी वस्तु नऊ महिने तर राहोच, वीसएक दिवसांतच मुकी होणार. बोलणें स्वस्त आणि ऐकत बसणें महाग, असा हा उफराटा न्याय आहे. म्हणून त्या वस्तूंस झोंपावयास शिकविलें. उठावें, मोजावें, सांगावें, आणि लगेच निजावें. सदैव कान देण्याचें काम केंद्राच्या बाजूस ठेविलें, कारण तेथें सूर्यप्रकाशापासून वीज मिळत होती.

पुढें काय झालें? एकशें तेवीस दिवसांत त्या जाळ्यानें दहा लाखांहून अधिक नोंदी जमविल्या. पण समुद्रकांठचें धुकें, पाऊस आणि खारी हवा ह्यांनीं आपला हिस्सा वसूल केलाच. पट्टीवर पॅरिलीन नांवाच्या द्रव्याचा पातळ लेप दिलेला होता. परंतु संवेदकांस झांकून कसें चालेल? ओलावा मोजणाऱ्यास ओलाव्याची भेट ही झालीच पाहिजे. तेथून पाणी शिरे. मग नोंदी तपासतां तपासतां एक गोष्ट ध्यानांत आली: ओलाव्याचे आंकडे भलतेच येऊं लागले, कीं बहुधा ती वस्तु थोड्याच दिवसांत बंद पडे. ज्या आंकड्यांस चुकीचे म्हणून केराची टोपली दाखवावयाची, तेच आंकडे वस्तूच्या मरणाची आगाऊ सूचना देत होते. सबंध प्रयोगांत आम्हांस ही जागा सर्वांत मोलाची वाटते.

ह्या कामाचे धुरीण अनुभवी संशोधक होते. परंतु पदवीपूर्व विद्यार्थ्यास दहा-बारा आठवड्यांत जो प्रश्न देतात, तो अशाच एखाद्या मोठ्या कामाचा तुकडा असतो: दर ७० सेकंदांऐवजीं दर पांच मिनिटांनीं मोजलें, तर काय गमावूं? ह्या डब्यास कोणता लेप द्यावा? दोन वस्तू एकाच क्षणीं बोलूं लागल्या, तर कोणीं थांबावें? ऐकावयास हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण त्यांचें उत्तर कोणत्याहि पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलें नसतें. आपल्याकडील हुशार विद्यार्थ्यास प्रथम ह्याचाच धक्का बसतो. जन्मभर त्यानें अशीं उदाहरणें सोडविलेलीं असतात कीं, ज्यांचें उत्तर आधींच कोणास तरी माहीत आहे. येथें मार्गदर्शकासहि उत्तर माहीत नसतें. पहिले दोन आठवडे वाचनांत जातात. पुढले कित्येक दिवस एक तार सुटली म्हणून, एक चिन्ह चुकलें म्हणून, काल चालणारें यंत्र आज कां चालत नाहीं ह्या शोधांत जातात. आणि शेवटच्या आठवड्यांत एका मोठ्या कागदावर आंकडे, आलेख व निष्कर्ष मांडून, येणाराजाणाराच्या प्रश्नांस उभ्या उभ्या उत्तरें द्यावीं लागतात. 'आमचा तर्क खोटा ठरला' असा निष्कर्षहि तेथें मांडितां येतो, आणि तो मांडणाऱ्यास कोणी नापास करीत नाहीं. ही गोष्ट आमच्या परीक्षापद्धतीच्या चालकांनीं एकवार जाऊन पाहावी अशी आहे.

येथपर्यंत वस्तूंची गोड बाजू झाली. दुसरी बाजू लपविणें योग्य होणार नाहीं. कारण ज्या विद्येनें पक्ष्याच्या बिळांत न जातां पाहतां येतें, त्याच विद्येनें मनुष्याच्या घरांतहि न जातां पाहतां येतें.

मिशिगन विद्यापीठांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं व त्यांचे प्राध्यापक ॲलेक्स हाल्डर्मन ह्यांनीं २०१४ सालीं रस्त्यांवरील वाहतुकीच्या दिव्यांची परीक्षा घेतली. त्यांच्या संस्थानांतील एका गांवीं सुमारें शंभर चौकांतले दिवे रेडिओनें एकमेकांस जोडलेले होते. मंडळींनीं प्रथम रस्तेखात्याची रीतसर परवानगी घेतली, आणि मगच कामास हात घातला. त्यांस आढळलें तें असें: रेडिओवरचें बोलणें सांकेतिक भाषेंत झांकलेलें नव्हतें, यंत्रांचे पासवर्ड कारखान्यांतून आले तेच, कोणींहि न बदललेले होते, आणि दुरुस्तीसाठीं ठेवलेलें एक दार सताड उघडें होतें. एक साधा संगणक व योग्य जातीचा रेडिओ जवळ असला, तर चौकांतले दिवे बदलतां येत होते. दोन आडव्या रस्त्यांस एकाच वेळीं हिरवा दिवा दाखविणें तेवढें साधेना, कारण तसें होऊं लागतांच सर्व दिवे तांबडे करणारा एक वेगळा पहारेकरी त्या पेटींत मूळचाच बसविलेला होता. ज्या कोणा जुन्या अभियंत्यानें तो पहारेकरी बसविला, त्याला रेडिओचें संकट ठाऊकहि नसेल. विद्यार्थ्यांनीं आपले शोध खात्याच्या कानांवर घातले, प्रबंध छापिला, आणि गांवाचें नांव मात्र छापिलें नाहीं.

दोनच वर्षांनीं ह्याच उणिवेचा दुसऱ्या तऱ्हेच्या तरुणांनीं उपयोग केला. २०१६ सालीं 'मिराय' नांवाचा एक दुष्ट संगणकीय कार्यक्रम इंटरनेटवर हिंडूं लागला. घराघरांतील कॅमेरे व राउटर तो धुंडाळी, आणि कारखान्यांतून येणाऱ्या साठएक ठराविक नांवांच्या व पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून पाही. पासवर्ड बदललेला नसला कीं ती वस्तु त्याची बटीक झाली. अशा लक्षावधि वस्तूंना एकाच ठिकाणीं ओरडावयास लाविलें, तर त्या गोंगाटांत खरी हांक कोणास ऐकूं येणार? कर्त्यांनीं तो कार्यक्रम जगापुढें उघडा टाकला. तो इतरांच्या हातीं पडला, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंतील कोट्यवधि लोकांस ट्विटर, नेटफ्लिक्स इत्यादि ठिकाणें कित्येक तास बंद झालीं. शोध घेतां कर्ते निघाले तीन विशी-एकविशीचे तरुण! त्यांपैकीं एक न्यू जर्सींतील रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी होता, आणि आपल्या स्वतःच्याच विद्यापीठाचें जाळें त्यानें अनेक वेळां बंद पाडिलें होतें. ह्या सगळ्याचें मूळ मुलांच्या एका संगणकीय खेळाच्या धंद्यांतल्या चढाओढींत होतें. डिसेंबर २०१७ मध्यें तिघांनीं गुन्हा कबूल केला. त्यांनीं पुढें सरकारी तपासास पुष्कळ मदत केल्यामुळें तुरुंगवास टळला. पांच वर्षांची देखरेख व २,५०० तासांची समाजसेवा त्यांच्या वांट्यास आली, आणि विद्यापीठाच्या नुकसानीबद्दल त्या विद्यार्थ्यास शहाऐंशी लक्ष डॉलर भरण्याचा व सहा महिने घरांतच स्थानबद्ध राहण्याचा वेगळा हुकूम झाला.

मिशिगनच्या विद्यार्थ्यांस व ह्या तिघांस लागणारें ज्ञान फारसें निराळें नव्हतें. उणीव तर एकच होती: न बदललेला पासवर्ड. फरक पडला तो परवानगीच्या एका पत्रानें. म्हणून परदेशांतील चांगल्या प्रयोगशाळांत नवीन आलेल्या विद्यार्थ्यास हातांत यंत्र देण्यापूर्वीं, हें यंत्र कोणाचें, ह्यावर प्रयोग करण्यास मुभा कोणीं दिली, आणि ह्यानें जमविलेली माहिती कोणाच्या घरांतली आहे, हे प्रश्न विचारावयास शिकवितात. पालकांनीं 'तेथें काय शिकवितात?' असें विचारिलें, तर रेडिओ व संवेदक ह्यांच्या आधीं आम्ही ह्याचें नांव घेऊं.

त्या साठएक पासवर्डांचा परिणाम कायद्यावरहि झाला. कॅलिफोर्निया संस्थाननें २०१८ सालीं असा कायदा केला व १ जानेवारी २०२० पासून तो अंमलांत आणिला कीं, इंटरनेटला जोडावयाची वस्तु विकतांना प्रत्येक नगास आपला निराळा पासवर्ड असावा, अथवा प्रथम वापरापूर्वीं मालकास नवा घ्यावयास लावावें. इंग्लंडनें २०२२ सालीं अशाच आशयाचा कायदा संमत केला आणि २९ एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. तेथें आतां सर्व नगांना सरसकट एकच, सहज ओळखतां येणारा पासवर्ड लावून वस्तु विकणें हा कायद्याचा भंग समजला जातो.